थायरॉइडचा थकवा: गोळीच्या वेळेपासून कामाच्या वाटणीपर्यंत

टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी; ग्रंथी मंदावली की हिचा आकडा वाढतो) नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, हाच डोस चालू ठेवा. तरीही दुपारी तीनच्या सुमाराला हातपाय गळून जातात, डोकं जड होतं आणि संध्याकाळचा स्वयंपाक नकोसा वाटतो. हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड ग्रंथी मंदावण्याचा आजार, असलेल्यांची ही नेहमीची तक्रार. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या एका पाहणीत (त्यात मुंबई आणि गोवाही होतं) सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये हा आजार आढळला होता. त्यामुळे कुठल्याही नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन-तीन जण निघतातच, आणि बाकीच्यांकडे सल्ले तयार असतात: कोबी सोड, धन्याचं पाणी पी, पहाटे चालायला जा, मनावर घेऊ नकोस.

माझं म्हणणं असं की या थकव्याकडे क्रमाने बघावं. आधी गोळी नीट लागू पडते आहे का ते पाहा. मग थकव्याचं दुसरं काही कारण दडलेलं नाही ना, याची खात्री करा. हे दोन्ही झाल्यावर जो थकवा उरतो, त्याच्यासाठी दिवसाची आणि घरातल्या कामांची फेरमांडणी करा. सल्ला देणारे थेट शेवटच्या टप्प्यावर येतात, तेही 'तू जरा जोर लाव' अशा सुरात. पहिले दोन टप्पे गाळले तर तिसऱ्यावर कितीही घाम गाळा, फारसं हाती लागत नाही.

हे सगळं लेव्होथायरॉक्सिनची गोळी (ग्रंथी कमी बनवते ते थायरॉक्सिन बाहेरून देणारी; पुढे तिला नुसतं थायरॉक्सिन म्हटलं आहे) चालू असलेल्या प्रौढांसाठी लिहिलं आहे. तुम्ही गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर वाचणं थांबवून आधी डॉक्टरांना कळवा. गरोदरपणात या औषधाची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते.

१. गोळी पोटात जाते, पण रक्तात पोचते का?

ही गोळी मोठी नखरेल आहे. पोटात दुसरं काही असलं की ती पुरती शोषली जात नाही. म्हणून उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे किमान अर्धा तास, जमल्यास एक तास काही खायचं-प्यायचं नाही. या 'काही'मध्ये चहा येतो, कॉफी येते, दूध येतं. आपल्याकडे घोडं पेंड खातं ते नेमकं इथे. गोळी घेऊन पाचव्या मिनिटाला चहाचा कप तोंडाला लावणारे पुष्कळ आहेत, आणि डॉक्टरांनी विचारलं की तेच 'हो, उपाशीपोटीच घेते' असं सांगतात. त्यात खोटं काहीच नसतं. चहाला कोणी खाणं समजत नाही इतकंच.

यावर सोपा उपाय असा: गोळ्यांची बाटली आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा. पहाटे नळाला पाणी येतं म्हणून किंवा बाथरूमला म्हणून जाग येते, तेव्हाच गोळी घ्या आणि पुन्हा आडवं व्हा. नेहमीच्या वेळी उठेपर्यंत तासभर झालेला असतो आणि चहा सुखाने पिता येतो. ज्यांना सकाळ जमतच नाही, त्यांनी रात्री झोपताना घ्यायचा पर्याय डॉक्टरांना विचारावा. मात्र त्याआधी रात्रीचं जेवण होऊन तीन तास व्हायला हवेत. साडेदहाला जेवून अकराला झोपणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

दुसरी अडचण इतर गोळ्यांची. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतही बहुधा ही दोन्ही असतात, हे विसरलं जातं. सकाळी सहाला थायरॉक्सिन, दुपारच्या जेवणानंतर लोह, रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियम, अशी विभागणी केली की गोंधळ राहत नाही. अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोलही शोषण कमी करू शकते. तिच्या चिठ्ठीवरही 'सकाळी उपाशीपोटी' असंच लिहिलेलं असतं आणि दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर जातात. सगळी औषधं एका कागदावर लिहून थायरॉइडच्या डॉक्टरांना दाखवा. गर्भनिरोधक गोळ्या चालू केल्या असतील तर त्याही लिहा, कारण इस्ट्रोजेनमुळे थायरॉक्सिनची गरज वाढू शकते.

गोळी राहिलीच तर आठवेल तेव्हा, पोट रिकामं असताना घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. आपल्या मनाने दोन एकदम घेऊ नका. बाटली गॅसच्या ओट्यावर, फ्रिजच्या डोक्यावर किंवा खिडकीतल्या उन्हात नको, उष्णतेने आणि दमटपणाने औषधाचा जोर उतरतो. ब्रँड शक्यतो बदलू नका. केमिस्टने 'सेम आहे' म्हणून दुसरी बाटली दिली, तर निदान तारीख टिपून ठेवा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि अंगात ताकद यावी म्हणून अर्धी गोळी जास्त घ्यायचा मोह कटाक्षाने टाळा. जास्त थायरॉक्सिनने पहिले काही दिवस तरतरी आल्यासारखं वाटेलही, पण मागोमाग धडधड, हात थरथरणं, झोप उडणं येतं, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचे ठोके बिघडतात.

२. तपासणी कधी आणि कशी

थायरॉक्सिन शरीरात हळू चढतं आणि हळू उतरतं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण एक आठवडा लागतो. त्यामुळे डोस बदलल्यावर किंवा चहाचं अंतर पाळायला लागल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करावा. पंधरा दिवसांत केलेला रिपोर्ट जुन्या आणि नव्या परिस्थितीची खिचडी असतो. थकवाही लगेच जात नाही. आकडा सुधारल्यानंतर अंगात बळ यायला आणखी काही आठवडे जाऊ शकतात, तेव्हा 'औषध लागू पडत नाही' असा निकाल महिन्याभरात लावू नका.

रक्त दर वेळी साधारण त्याच वेळी द्या, शक्यतो सकाळी, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केस गळतात म्हणून बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) चालू असेल तर किमान दोन दिवस आधी बंद ठेवा. बऱ्याच यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि डोस गरज नसताना घटवला जातो. थायरॉइडने केस गळतात, केसांसाठी बायोटिन, आणि बायोटिनने थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो, असा हा फेरा आहे.

३. 'थायरॉइडच असेल' म्हणून सोडून देऊ नका

एकदा हा शिक्का बसला की पुढची प्रत्येक कुरकुर त्याच्याच खात्यात जमा होते. टीएसएच ठीक असूनही थकवा असेल तर खालच्या गोष्टी एकदा तपासून घ्याव्यात.

सगळ्यात आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. थायरॉइड कमी असताना पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, त्याने लोह घटतं. मग लोहाची गोळी सुरू होते आणि ती थायरॉक्सिनसोबतच घेतली जाते. कधी कधी हिमोग्लोबिन १२ च्या वर असतं, पण लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तळाला गेलेलं असतं आणि थकवा तिथून येत असतो. म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानू नका.

मग बी-१२. शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास दिसते. मधुमेहासाठी किंवा पीसीओएससाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर ती शक्यता आणखी वाढते. पायाला मुंग्या, विसराळूपणा, जीभ लाल होणं ही त्याची खूण. ड जीवनसत्त्व, रक्तातली साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या साध्या चाचण्याही याच रक्तात होऊन जातात.

झोपेत मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि सकाळी उठताना डोकं दुखणं असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या. आपण घोरतो हे आपल्याला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारावं लागतं, आणि बायकांच्या घोरण्याचा विषय घरात निघतही नाही. तसंच नैराश्याचं. कशातच रस न वाटणं, विनाकारण रडू येणं, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

एक दुर्मिळ, पण माहीत असावी अशी गोष्ट. थकव्याबरोबर वजन उतरतं आहे, उभं राहिल्यावर चक्कर येते, खारट खायची ओढ लागली आहे, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडल्या आहेत, अशी लक्षणं एकत्र दिसली तर मूत्रपिंडाच्या वर असलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावलेली असू शकते. अशा वेळी आधी तिचा उपचार लागतो. तो न करता थायरॉक्सिन सुरू केलं किंवा वाढवलं तर जिवावर बेतू शकतं.

एवढं सगळं करूनही साधारण ५ ते १० टक्के रुग्णांना आकडे उत्तम असताना थकवा राहतोच, हे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. तेव्हा 'रिपोर्ट नॉर्मल म्हणजे तू नाटक करतेस' हे कोणी म्हणालं तर ते चूक आहे. टी-३ (थायरॉइडचंच दुसरं संप्रेरक) जोडून देण्याचा विषय अशा वेळी निघतो. तो एंडोक्रायनॉलॉजिस्टशी (संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांशी) बोलून ठरवायचा, ऑनलाइन मागवून नाही.

४. दोन आठवड्यांची वही

आखणी करण्याआधी आपला थकवा कसा चालतो ते कळायला हवं. अ‍ॅप नको, किराण्याच्या यादीची वही पुरे. दिवसातून चार वेळा (उठल्यावर, दुपारी बारा, चार आणि रात्री आठला) शून्य ते दहा असा ताकदीचा आकडा लिहा. शेजारी मागच्या काही तासांत काय केलं ते दोन शब्दांत: 'पोळ्या', 'लोकलमध्ये उभी', 'मीटिंग', 'सासूबाईंना दवाखान्यात नेलं'. झोप किती झाली, पाळीचा कितवा दिवस, तेही टिपा.

दोन आठवड्यांनी पानं उलटलीत की तीन गोष्टी दिसतात. तुमचे बरे तास कोणते. कोणतं काम अपेक्षेपेक्षा जास्त दमवतं. बहुतेकदा ते बराच वेळ उभं राहण्याचं किंवा कोणाची तरी मनधरणी करण्याचं निघतं. आणि एखाद्या जोमाच्या दिवसानंतर किती दिवस पडून काढावे लागतात. ही वही डॉक्टरांनाही दाखवता येते, आणि 'खूप थकवा येतो' या वाक्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

५. दिवस मांडताना

बऱ्या तासांत सगळ्यात जड काम, हा पहिला नियम. सकाळी सात ते अकरा तुमचे चांगले तास असतील तर ते तास डबे आणि भांड्यांतच संपवू नका. ऑफिसचं हिशेबाचं काम, बँक, मुलाचा अभ्यास यांतलं काहीतरी तिथे बसवा.

दुसरा, थकण्याआधी थांबा. 'एवढं उरकते आणि मग बसते' हे वाक्य घातक आहे. पाऊण तास काम झालं की दहा मिनिटं पाठ टेका. त्या दहा मिनिटांत फोन हातात असेल तर ती विश्रांती धरू नका. दुपारची झोप वीस-तीस मिनिटांची, तीनच्या आत. दोन तास झोपलात तर उठल्यावर अंग आणखी जड होतं आणि रात्रीची झोपही जाते.

तिसरा, उभ्याची कामं बसून. भाजी चिरणं, कणीक मळणं, इस्त्री, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या: ओट्याजवळ एक उंच स्टूल आलं तर बरंच काही बसून होतं. स्टुलावर बसून पोळ्या लाटणं बघणाऱ्याला विचित्र वाटेल. वाटू दे. कणीक दोन्ही वेळची एकदाच भिजवा, डाळ-भात एका कुकरला लावा.

'रविवारी आठवड्याची सगळी तयारी करून ठेवा' हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि मला तो अजिबात पटत नाही. सहा दिवस दमलेल्या माणसाचा सातवा दिवस मेथी निवडण्यात आणि वाटणं करण्यात गेला तर सोमवार उगवतो तोच थकलेला. त्यापेक्षा बुधवारी रात्री टीव्हीसमोर सगळ्यांनी मिळून पालेभाजी निवडा आणि रविवारी पोळी-भाजी केंद्रातून आणा.

लोकलने जाणाऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटं आधी निघून बसायला मिळणारी गाडी धरावी. तासभर गर्दीत उभं राहणं हे दिवसातलं सगळ्यात महागडं काम असू शकतं, आणि वहीत ते स्पष्ट दिसेल. आठवड्यातून एक दिवस घरून काम मिळत असेल तर तो बुधवारी मागा. सोमवार किंवा शुक्रवार घेतला तर उरलेले चार दिवस सलग पडतात.

आणि चांगल्या दिवसापासून जरा सांभाळून. अंगात बळ आलं की आपण माळा काढतो, पंखे पुसतो, राहिलेले सगळे पाहुणे एकाच संध्याकाळी बोलावतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतो. बरा दिवस असला तरी ठरलेल्यापेक्षा थोडंसंच जास्त करा. उलट वाईट दिवसासाठी एक किमान यादी आधीच लिहून फ्रिजवर लावा: मुगाची खिचडी, कढी किंवा ताक, कपडे उद्या, झाडू उद्या. डोकं चालत नसताना काय सोडायचं हे ठरवणंही जमत नाही, म्हणून ते आधी ठरलेलं बरं.

६. घरातली वाटणी

बहुतेक मार्गदर्शक लेख इथे 'घरच्यांची मदत घ्या' एवढं म्हणून पुढे जातात. मदत आणि वाटणी यांत फरक आहे. 'काही लागलं तर सांग' असं म्हणणारा नवरा मनाने चांगला असेल, पण दूध संपलं हे लक्षात ठेवणं, सांगणं, आणलं का ते विचारणं हे सगळं तिच्याकडेच राहतं. थकव्यात हे डोक्यातलं काम हातातल्या कामाइतकंच खर्चिक असतं. म्हणून काम अख्खं द्या, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. संध्याकाळचं जेवण त्याचं म्हणजे काय करायचं हे ठरवणंही त्याचं. आमटी पातळ झाली तर पातळ खायची. मागून जाऊन ती सुधारायची नाही.

बोलताना तक्रारीपेक्षा नेमकी विभागणी मांडा. सासूबाईंशी: 'आई, सकाळच्या पोळ्या मी करते. संध्याकाळचा कुकर आणि कोशिंबीर तुम्ही बघाल का? सात वाजता माझ्याच्याने उभं राहवत नाही.' मुलाला: 'तुझा डबा तू भरायचा आणि तूच धुवायचा.' मोलकरीण परवडत असेल तर भांड्यांसाठी आधी लावा, कारण तेच काम दिवसाच्या शेवटी, सगळ्यात वाईट वेळी येतं.

सणावाराला हे आधी बोलावं लागतं. गौरी-गणपतीत तीन दिवस पहाटेपासून उभं राहायचं आणि चौथ्या दिवशी कामावर जायचं, हे दर वर्षी नेटाने करणाऱ्या बायकांचं कौतुक होतं, सुट्टी कोणी देत नाही. पुरणपोळ्या बाहेरून आल्या तरी गौरी जेवतात. फराळाचे दोन पदार्थ घरी, बाकीचे विकत, हे दिवाळीच्या महिनाभर आधी जाहीर करून टाका.

७. खाणं, उपवास, चालणं, झोप

कोबी, फ्लॉवर, मुळा शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. सोयाबीन गोळीच्या जवळपासच्या वेळेत नको. आयोडीनयुक्त मीठ पुरेसं आहे. आपल्याकडे आता हा आजार बहुतेक वेळा हाशिमोतो नावाच्या, शरीरानेच ग्रंथीवर हल्ला करण्याच्या प्रकारातून येतो, आणि त्यात वरून आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेतल्याने उलट नुकसान होऊ शकतं.

नाश्त्याला नुसते पोहे किंवा नुसता उपमा खाल्ला की अकराला पुन्हा गळाठा येतो. सोबत मोड आलेली मटकी, अंडं, मूठभर दाणे किंवा वाटीभर दही घ्या. उपवासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट; त्याऐवजी भगर-दाण्याची आमटी, राजगिरा, दही बरं. गोळी उपवासालाही घ्यायचीच, पाण्यासकट. मधुमेहही असेल तर कडक उपवासाबद्दल डॉक्टरांशी आधी बोला.

चालायला सुरुवात सपाट रस्त्यावर दहा मिनिटांनी करा, आठवड्यातले पाच दिवस. दुसऱ्या दिवशी अंग धरलं नाही तर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं वाढवा. धरलं तर पुन्हा मागे या. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा करा; मांड्यांत जोर आला की जिने आणि बसच्या पायऱ्या कमी दमवतात. चहा-कॉफी दुपारी तीननंतर बंद. उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा.

८. डॉक्टरांकडे जाताना

बेशुद्धीसारखी झोप, अंग थंडगार पडणं, श्वास मंदावणं, बोलण्यात गोंधळ. छातीत दुखणं किंवा न थांबणारी धडधड. आणि जीव द्यावासा वाटणं: यांपैकी काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

बाकी वेळी एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: सगळ्या औषधांची नावं आणि ती प्रत्यक्षात कधी घेता त्या वेळा, वहीतले दोन आठवड्यांचे आकडे, आणि मागचे तीन रिपोर्ट तारखेनुसार. मग विचारा: माझ्यासाठी टीएसएच कुठे असावा? फेरिटिन आणि बी-१२ शेवटचं कधी केलं होतं? यांतलं कोणतं औषध थायरॉक्सिनच्या आड येतं? पाच मिनिटांच्या भेटीत एवढं बसतं. 'आणखी काही?' असं डॉक्टरांनी विचारलं, तर चहाचं खरं तेही सांगून टाका.